आजीचे गाणे आणि नातवाचे पुस्तक



शेतीखात्याच्या माणसाने भाताच्या वाणाविषयी बोलावे, करप्याविषयी बोलावे, फार तर गांडूळखताविषयी बोलावे. लहान मुलांच्या गाण्यांच्या पुस्तकांशी त्याचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. पण रोपवाटिका बिघडली की पुढे कितीही खत घातले तरी पीक साधत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. घरातल्या मुलाची पहिली पाच-सहा वर्षे ही त्याची रोपवाटिकाच होय. म्हणून आज शेतातल्या रोपांऐवजी घरातल्या रोपांविषयी चार शब्द बोलतो.

धाटावच्या ओटीवरचा प्रसंग

रोहे तालुक्यातील धाटाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. एका अंगाला कारखान्यांची वसाहत, दुसऱ्या अंगाला भातखाचरे आणि जवळून वाहणारी कुंडलिका. घरातला एक भाऊ कंपनीत पाळीवर जातो, दुसरा शेत बघतो, अशी तिकडची बरीच घरे आहेत. लावणी आटोपल्यावर रोपांवरची कीड पाहण्यासाठी मी अशाच एका घरी गेलो होतो. पाऊस जोराचा आला म्हणून ओटीवर टेकलो.

घरात साडेतीन वर्षांचा नातू होता. तो कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसला होता. पाहुणा आला, कुत्रे भुंकले, वीज कडाडली, पण त्याने मान वर केली नाही. सून म्हणाली, "साहेब, मोबाईल दिला नाही तर जेवत नाही. आणि बोलतोही कमी."

अंगणवाडीत द्यायचे म्हणून एक चित्रांचे पुस्तक माझ्या पिशवीत होते. आपल्याकडची जुनी बडबडगीते आणि प्रत्येक गाण्याला पानभर चित्र, असे ते पुस्तक. मी ते आजीच्या हाती दिले. तिने ते पदराने पुसले, उलटसुलट पाहिले आणि परत केले. "मला कुठे अक्षर येतं, साहेब? सुनेला द्या, ती शिकलेली आहे."

मी म्हटले, "आजी, अक्षरे राहू द्या. चित्र तर बघा."

पान उघडले ते पावसाचे निघाले. डबक्यात उड्या मारणारी मुले, छत्री उलटी झालेला एक म्हातारा आणि दगडावर बसलेला बेडूक. आजी हसली आणि तिने पावसाला बोलावण्याचे गाणे म्हणायला सुरुवात केली. नातवाने मान वर केली. मोबाईल चालूच होता, पण तो उठून आजीजवळ आला आणि त्याने बेडकावर बोट ठेवले.

इतक्यात सून पुस्तकात डोकावली आणि म्हणाली, "आई, असं नाही ते. पुस्तकात वेगळं आहे. तुमचं चुकतंय."

आजी गप्प झाली. तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवले आणि ती भाजी निवडायला बसली. मुलगा पुन्हा मोबाईलकडे गेला.

सुनेच्या मनात काही वाईट नव्हते. छापलेले ते खरे, अशीच शिकवण आपल्याला शाळेत मिळाली आहे. पण त्या एका वाक्याने घरातली मोठी ठेव बंद होण्याची वेळ आली होती, हे मला जाणवले आणि मी मध्ये पडलो.

गावठी वाणासारखी गाणी

मी सुनेला विचारले, "तुमच्या भागात पूर्वी पटणी होती, झिणी होती, खारजमिनीत राता होता. या गावची पटणी आणि पलीकडच्या गावची पटणी थोडी वेगळी निघायची ना? मग त्यातली खोटी कोणती?"

ती म्हणाली, "खोटी कशी असेल? जमिनीप्रमाणे वेगळी."

लोकगीतांचेही तसेच आहे. ही गाणी कोणा एका कवीने कागदावर लिहून दिलेली नाहीत. ती जात्यावर, पाळण्याजवळ, खळ्यावर, फुगडी घालताना तयार झाली आणि एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली. सासरी आलेली मुलगी माहेरचे गाणे घेऊन आली. तिने त्यात सासरच्या नदीचे नाव घातले, घरच्या बैलाचे नाव घातले. म्हणून देशावर एक शब्द, कोकणात दुसरा आणि कातकरी वाडीवर तिसरा. पुस्तकात छापले गेले ते त्यातले एक रूप. ते खरे आणि आजीचेही खरे.

आपल्याकडच्या थोरामोठ्यांनी हे धन ओळखले होते. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे आपल्या कोकणातलेच. त्यांनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवून 'स्त्री जीवन' हा ग्रंथ केला. डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीमार्फत लोकगीते, कहाण्या, उखाणे यांचा मोठा संग्रह छापून आणला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी तर आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी घरच्या मडक्यात गावठी बियाणे जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गाण्यांचेही असेच बियाणे प्रत्येक घरात एखाद्या आजीजवळ असते. ते पेरले नाही तर तिच्याबरोबर संपते.

सुनेला हे पटले. ती सासूला म्हणाली, "आई, तुमचंच म्हणा. मलाही शिकवा." आजीने दोनदा नको नको केले आणि मग पुन्हा गायली. तिच्या गाण्यात शेवटी कुंडलिकेचा पूर होता, तो पुस्तकात कुठून असणार? नातवाने पुराच्या जागी "धो धो" असा आवाज काढला. कमी बोलणाऱ्या त्या मुलाचा आवाज मी प्रथम ऐकला तो असा.

अक्षर नसले तरी वाचता येते

ज्या माणसाला अक्षर येत नाही त्याला चित्र वाचता येते, हे आम्हा विस्तार खात्याच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरचे रंगीत चिन्ह तुम्ही पाहिले असेल. लाल म्हणजे अति विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. हे चिन्ह मुद्दाम रंगांचे ठेवले आहे ते एवढ्यासाठीच, की ज्याला लेबल वाचता येत नाही त्यालाही धोका कळावा.

लहान मूल हेही अक्षर न येणाराच वाचक आहे. चित्रातला बैल पाहून ते "बैल" म्हणते, तेव्हा ते वाचनाचीच पहिली पायरी चढत असते. कागदावरची खूण म्हणजे खऱ्या जगातली एक वस्तू, हे त्याला उमगलेले असते. पुढे 'ब' या खुणेचा आवाज शिकणे ही त्याच वाटेवरची दुसरी पायरी होय.

मग गाणेच का? साधे चित्र दाखवून नाव सांगितले तर पुरत नाही का? पुरते, पण गाण्याचा एक वेगळा गुण आहे. गाण्यात यमक असते. एका ओळीच्या शेवटी जो आवाज येतो तोच दुसऱ्या ओळीच्या शेवटी येतो. शब्द हा लहान लहान आवाजांचा बनलेला असतो, ही गोष्ट मुलाच्या कानाला त्यातून आपोआप कळते. 'माळ' आणि 'टाळ' यांत काय सारखे आणि काय वेगळे, हे ज्याच्या कानाला कळले त्याला अक्षरे जुळवायला सोपे जाते. इंग्लंडात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९८७ साली असे दाखवून दिले, की तिसऱ्या वर्षी ज्या मुलांना बडबडगीते अधिक येत होती त्यांचा कान पुढे शब्दांतले आवाज ओळखण्यात अधिक तयार होता. आपल्या आज्यांनी हे संशोधन वाचले नव्हते, पण त्या नेमके तेच करत होत्या.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, गुरांमागे जात, तर या बायांनी शाळाच कुरणात नेली. विकतच्या खेळण्यांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने घेतली आणि गाण्यागोष्टींतून मुलांना शिकवले. आज आपण 'अंगणवाडी' म्हणतो ती कल्पना त्यांच्याच कामातून पुढे आली. नंतर २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या झाल्या.

परदेशातही हीच वाट धरलेली दिसते. अमेरिकेत बोस्टन शहरात १९८९ सालापासून मुलांचे डॉक्टर तपासणीला आलेल्या बाळाच्या आईला औषधाच्या चिठ्ठीबरोबर चित्रांचे पुस्तकही देऊ लागले. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे १९९२ साली तान्ह्या बाळांच्या घरी पुस्तके देण्याचा उपक्रम सुरू झाला. बाळाला अक्षर यायच्या कितीतरी आधी पुस्तक घरात हवे, हे त्यांनाही पटले.

कोणत्या वयात काय करावे

भाताचे रोप साधारण २१ ते २५ दिवसांचे झाले की लावणीला घ्यावे, असे आपण म्हणतो. त्याआधी उपटले तर नाजूक, उशीर केला तर जून. मुलांचेही वयाप्रमाणे करावे.

पहिल्या वर्षात बाळाला मांडीवर घ्या, गाणे म्हणा आणि ठळक रंगाचे एकच मोठे चित्र दाखवा. बाळ पान तोंडात घालील, ओढील, त्याचे वाईट वाटू देऊ नका. त्याला तुमचा आवाज आणि तुमचा चेहरा हवा असतो.

एक ते दोन वर्षांत मूल बोट दाखवू लागते. ते ज्या चित्रावर बोट ठेवील त्याचे नाव सांगा. चिमणी असेल तर चिमणीचा आवाज काढा. बोटे मोजण्याची, टाळ्या वाजवण्याची गाणी या वयात फार आवडतात.

दोन ते तीन वर्षांत तेच गाणे शंभर वेळा म्हणायला लावतील. कंटाळू नका. गाण्याचा शेवटचा शब्द तुम्ही सोडून द्या आणि थांबा. मूल तो शब्द भरते. तो आनंद बघण्यासारखा असतो.

तीन वर्षांनंतर चित्रावरून गप्पा मारा. "हा बेडूक कुठे चालला असेल? आपल्या विहिरीत आहे का असा?" असे विचारा. उत्तर चुकले असे म्हणू नका. पाचव्या-सहाव्या वर्षी गाणे म्हणताना ओळीखालून बोट फिरवा. अक्षरांची ओळख मग मागच्या दाराने घरात येते.

चार गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. पुस्तक समोर धरून मुलाची परीक्षा घेऊ नका. मूल उठून गेले तर ओढून बसवू नका. गाण्याच्या वेळी टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवा. आणि घरातल्या कोणाचेही गाणे चुकीचे ठरवू नका.

मोबाईलवरही गाणी असतात, मग ती का नकोत, असे तरुण आईबाप विचारतात. मोबाईल गातो, पण मुलाने बोट कशावर ठेवले हे त्याला दिसत नाही. तो थांबत नाही, उत्तराची वाट पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की एका वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला एका तासापेक्षा अधिक दाखवू नये.

आणखी एक महत्त्वाची सूचना. मूल उशिरापर्यंत बोलत नसेल, मागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर केवळ गाण्यांवर विसंबू नका. त्याचे कान आधी तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीसाठी येते, तेव्हा मुलाला जरूर दाखवा. धाटावच्या त्या सुनेलाही मी हेच सांगितले. मुलाचे कान ठीक निघाले. त्याच्याशी बोलणारे मात्र कमी पडत होते, कारण घरातला प्रत्येक जण पाळीला, शेतावर किंवा कामाला.

वेळ कुठला आणायचा?

लावणी-कापणीच्या दिवसांत बायकांना पाठ टेकायला सवड नसते, हे मी जाणतो. पण याला तास दोन तास लागत नाहीत. रात्री जेवणे झाली की दहा मिनिटे पुरतात. आजी-आजोबा घरी असतील तर दुपारची वेळ त्यांची. आणि वडिलांनीही यात मागे राहू नये. कंपनीतून पाळी करून आलेला बाप मुलाला मांडीवर घेऊन बैलाचा हंबरडा काढतो, तेव्हा मूल ते जन्मभर विसरत नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. माझी मुलगी लहान असताना मी शहरातून एक सुंदर चित्रांचे पुस्तक आणले. फाटू नये म्हणून ते कपाटात वर ठेवले आणि सणासुदीला दाखवले. ते पुस्तक आजही नवे कोरे आहे. मुलगी मात्र मोठी होऊन गेली. न वापरलेले पुस्तक म्हणजे कणगीत किडलेले बियाणे. पाने फाटली तर खळीने चिकटवावीत, पण पुस्तक मुलाच्या हाताला लागेल असेच ठेवावे.

पुस्तके कोठे मिळतील आणि घरी कशी करावीत

चित्र ठळक असावे, पान जाड असावे, एका पानावर दोन-चार ओळींहून अधिक मजकूर नसावा आणि चित्रातली झाडे, पक्षी, घरे मुलाच्या ओळखीची असावीत. बर्फ आणि सफरचंदे मोठेपणी बघता येतील. आधी वाल, खेकडा, बगळा आणि म्हैस.

नॅशनल बुक ट्रस्ट ही सरकारी संस्था मराठीतही स्वस्त बालपुस्तके काढते. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रमय पुस्तके चांगली असतात. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात. प्रथम बुक्सची मराठी पुस्तके कमी किमतीत मिळतात. आपल्या राज्यात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अनेक गावांत अनुदान घेणारी ग्रंथालये आहेत. तेथे जाऊन बालविभागाची मागणी करा. मागणी झाल्याशिवाय पुस्तके येत नाहीत. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे तर २०१७ साली पुस्तकांचे गाव म्हणून उभे राहिले. तेथे घराघरांत वाचकांसाठी पुस्तके मांडली आहेत. तिकडे स्ट्रॉबेरीची शेती पाहायला गेलात तर मुलांना घेऊन पुस्तकेही बघून या.

आणि विकत घेणे जमत नसेल तर घरी करा. जुन्या पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे कापा, कडेला भोके पाडून सुतळीने बांधा. बियाण्याच्या पिशवीवरची, दिनदर्शिकेवरची चित्रे कापून चिकटवा. पान, पीस, भाताची लोंबी चिकटवली तरी चालते. खाली घरचे गाणे लिहा. लिहिणारे कोणी नसेल तर शाळेत जाणारे मोठे भावंड लिहील. त्याचाही अभ्यास होतो.

धाटावच्या त्या घरात असेच झाले. भातकापणीनंतर ओलीवर वाल पेरला होता. थंडीत शेंगा भरल्या, तेव्हा वालाची पाहणी करायला मी पुन्हा गेलो. रात्री पोपटी लावायची होती. आजी आणि नातू यांनी मिळून एक गाणे रचले होते आणि सुनेने ते वहीत लिहिले होते:

वालाच्या शेंगा मडक्यात बसल्या,
भांबुर्डीच्या पाल्यात खुदकन हसल्या!

वर मुलाने मडके काढले होते. मडके कसले, काळे गोल गोल गिरगटणे! पण त्याने मला बोटाने दाखवून सांगितले, "हे मडकं. ही शेंग. ही आजी." बोलत नाही म्हणतात तो मुलगा हाच का, असा मला प्रश्न पडला.

वहीत तोवर आजीची अकरा गाणी उतरली होती. मी आणलेले पुस्तकही ओटीवर होते. कोपरे चुरगळलेले, एक पान चिकटवलेले. आजीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. तिने पुस्तक हातात घेतले ते उलटे धरले. नातवाने काही न बोलता ते सरळ केले, पावसाचे पान उघडले आणि तिचे बोट धरून बेडकावर नेऊन ठेवले. आजीने गायला सुरुवात केली, तेव्हा सूनही चुलीजवळून तिच्याच शब्दांत गाऊ लागली.

बंधूंनो आणि भगिनींनो, पेरणीपूर्वी आपण १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बियाणे बुडवतो. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकतो आणि तळाशी बसलेले भरीव बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत सुकवून पेरतो. घरातली गाणी हे तसेच भरीव बियाणे आहे. कितीतरी पिढ्यांच्या पाण्यात बुडून ते तळाशी टिकून राहिले आहे.

तेव्हा आज रात्री एवढेच करा. घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा, एक वही घ्या आणि त्यांचे एक गाणे उतरवून काढा, अगदी त्यांच्याच शब्दांत. उद्या त्याला चित्र मुलाकडून काढून घ्या. झाले तुमच्या घरचे पहिले पुस्तक!